पहिल्यांदाच हंपीला निघालात? ठाणेकरांसाठी वाटेपासून विठ्ठल मंदिरापर्यंत

आपण ठाण्यात राहतो ते एका जुन्या राजधानीवर. शिलाहारांचं श्रीस्थानक म्हणजे हेच आपलं ठाणं. पण मासुंद्याच्या काठी उभं राहून ते नगर डोळ्यांपुढे आणायचं म्हटलं तर जमत नाही, इतकं वर नवं शहर चढलंय. बुडालेलं नगर खरंच कसं दिसतं हे लेकीला दाखवायचं होतं, म्हणून आम्ही हंपीला गेलो. आई, नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि मी. पहिल्या वेळी सगळं चुकलं. दीड दिवसात बत्तीस ठिकाणं 'केली' आणि परतीच्या गाडीत कुणालाच कुठलं देऊळ कुठलं ते सांगता येईना. दोन वर्षांनी पुन्हा गेलो, या वेळी नीट आखणी करून. तीच आखणी इथे देतेय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हंपी म्हणजे देवळांची यादी नव्हे. ते शहर आहे. त्याला वेशी आहेत, बाजारपेठा आहेत, पाण्याचे पाट आहेत, पागा आहेत. हरिहर आणि बुक्क या भावांनी १३३६ मध्ये विजयनगरचं राज्य उभं केलं, आणि १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत राज्याचा कारभार पाहणारा रामराय पडल्यावर राजधानी लुटली गेली, ओस पडली. मधली सव्वादोनशे वर्षं इथे माणसं राहिली, बाजारहाट केला. कृष्णदेवरायाच्या काळात आलेल्या डोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाला हे नगर रोमएवढं मोठं वाटलं होतं. तेव्हा शहर पाहतात तसं पाहा, म्हणजे पेठेतून पेठेत चालत.

१. कधी जायचं, किती दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर तिथले दगड तापतात, आणि हंपीत दगडाशिवाय दुसरं काही नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन जाण्याचा विचार असेल तर कृपा करून सोडून द्या. पावसाळ्यात हिरवळ सुंदर असते, पण तुंगभद्रा धरणातून पाणी सोडलं की नदीकाठचे मंडप पाण्यात जातात आणि नावा बंद होतात.

पूर्ण तीन दिवस हवेत, प्रवास सोडून. दोन दिवसच मिळत असतील तर नदीपलीकडचा भाग वगळा, पण अलीकडचा घाईत उरकू नका. दिवाळीच्या आणि नाताळच्या आठवड्यात गर्दी फार. शाळेच्या सुट्टीची अडचण नसेल तर जानेवारीतला साधा आठवडा निवडा.

२. तिकिटं आणि वाट

हंपीला रेल्वे स्टेशन नाही. उतरायचं होसपेटला. तिथून हंपी तेराएक किलोमीटर. मुंबईहून सोलापूर, विजयपूर, गदगमार्गे होसपेटपर्यंत थेट गाडी आहे. रात्री निघते, दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचवते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. पूर्वीसारखे चार महिने मिळत नाहीत, त्यामुळे दिवाळीची तारीख ठरली की दिवस मोजून कॅलेंडरवर खूण करा आणि त्या दिवशी सकाळी फोन हातात घेऊनच बसा. परतीचं तिकीट वेगळ्या दिवशी उघडतं, हे बरेच जण विसरतात.

थेट गाडी नाही मिळाली तर हुबळीपर्यंत कुठलीही गाडी आणि पुढे रेल्वे किंवा एसटी. स्वतःची गाडी असेल तर पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, गदग, होसपेट असा रस्ता. ठाण्याहून सातशे किलोमीटरच्या वर जातं. एका दमात चालवू नका. कोल्हापूर किंवा बेळगावला मुक्काम करा.

स्लीपर बसने जाणार असाल तर एक सावधगिरी. आमच्या पहिल्या फेरीत बसने पहाटे साडेतीनला शहराबाहेर हायवेवर उतरवलं. अंधार, चार बॅगा, झोपेतली मुलगी आणि पुलाखाली एकही रिक्षा नाही. तिकिटावर फक्त 'होसपेट बायपास' लिहिलेलं होतं आणि आम्ही ते नीट वाचलं नव्हतं. तिकीट काढतानाच उतरायची नेमकी जागा वाचा. बसस्टँड लिहिलेलं नसेल तर ती बस घेऊ नका, किंवा मुक्कामाच्या ठिकाणी सांगून रिक्षा आधी ठरवून ठेवा.

३. राहायचं कुठे

तीन पर्याय आहेत.

होसपेटला मोठी हॉटेलं आहेत, पण रोजचं जाणं-येणं पडतं. कमलापूर हे मधलं गाव, हंपी बाजारापासून चारेक किलोमीटर. म्हातारं माणूस बरोबर असेल तर माझं मत कमलापूरला. राजवाड्याचा भाग आणि म्युझियम जवळ आहे, दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकता येते. तिसरा पर्याय विरूपाक्ष देवळालगतचे होमस्टे. खोल्या लहान, पण पहाटे दार उघडलं की समोर गोपूर.

सापळा: जुने व्हिडिओ आणि लेख नदीपलीकडच्या 'विरूपापूर गड्डी'वर राहा म्हणतात. तिथली रिसॉर्टं सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर २०२० मध्ये पाडली गेली. पलीकडे आता सानापूर आणि आनेगुंदीच्या बाजूला सोय होते. पण अलीकडचं नगर पाहायला पलीकडे राहू नका. नाव संध्याकाळी बंद होते आणि मग रस्त्याने बुक्कसागरच्या पुलावरून वीसेक किलोमीटरचा फेरा पडतो.

४. बरोबर काय घ्यायचं

कागदपत्रं: प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड (लॉजवर आणि गाडीत लागतं), मुलांचं वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र (हंपीतल्या तिकिटाच्या जागांना पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही), ज्येष्ठांच्या औषधांची चिठ्ठी, आरक्षणाची फोनमध्ये उतरवलेली प्रत.

सामान:
- वापरून पायात बसलेले बूट. नवे कोरे नकोत.
- जाड मोज्यांचे दोन जोड. विरूपाक्ष देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अंगणातली फरशी अकरानंतर पोळते. आईला मोज्यांनी वाचवलं.
- रुंद काठाची टोपी किंवा छत्री, माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं.
- टॉर्च. भूमिगत शिवमंदिरात पाणी असतं आणि उजेड नसतो.
- सुटे पैसे. फोनने पैसे बहुतेक ठिकाणी चालतात, शहाळंवाल्या मावशीकडे नाही.
- पन्नास रुपयांची एक नवी नोट. मुलांसाठी. का ते पुढे सांगते.

ड्रोन नेऊ नका, परवानगी नाही. ट्रायपॉडलाही परवाना लागतो.

आणि निघण्याआधी दोन-तीन रविवार येऊरला चालून या. रोज ऑफिसला बसून काम करणाऱ्याला हंपीचं चालणं जड जातं.

५. पहिली संध्याकाळ: हेमकूट

गाडी दुपारी पोहोचते. जेवा, तास-दोन तास पडा आणि चारच्या सुमाराला फक्त हेमकूट टेकडीवर जा. चढ सोपा आहे, सपाट खडकांवरून. आई काठी टेकत चढली. वर लहान लहान जुनी देवळं आहेत, त्यातली काही विजयनगरच्याही आधीची. खाली विरूपाक्षाचं सुमारे पन्नास मीटर उंचीचं गोपूर. बाकी सगळं नगर ओस पडलं, पण या देवळातली पूजा आजही चालू आहे.

पहिल्या दिवशी बाकी काही पाहू नका. इथे बसून दिशा समजून घ्या: नदी कुठे, हंपी बाजाराची सरळ रेघ कुठे जाते, मातंग टेकडी कुठली. कागदावर चार रेघा ओढा.

आणि जवळचा एखादा मोठा खडक नीट बघा. त्याच्या कडेला चौकोनी खाचांची रांग दिसेल, शिवणीच्या टाक्यांसारखी. दगड फोडायची ती पद्धत. खाचांत लाकडी पाचर ठोकायची, पाणी घालायचं, लाकूड फुगलं की दगड रेघेवर उलतो. काही खडकांवर खाचा पाडून काम अर्धवट सोडलेलं आहे. माझ्या मुलीने त्या खाचेत बोट घातलं आणि विचारलं, "हे उद्या फोडणार होते का?" मला उत्तर देता आलं नाही.

६. दुसरा दिवस: राजवाड्याचा भाग

सकाळी सातला निघा. आधी कृष्ण मंदिर आणि त्यासमोरचा बाजार, मग एका दगडातून कोरलेला, १५२८ सालचा, साडेसहा मीटरहून उंच उग्र नरसिंह. शेजारी पाण्यात उभं असलेलं बडवीलिंग. तिथे येणारं पाणी विजयनगरच्या काळातल्या कालव्याचं आहे. त्याच कालव्यांवर आजूबाजूची केळी आणि भात आजही पिकतात.

दहाला कमलापूरच्या म्युझियममध्ये जा. शुक्रवारी ते बंद असतं, त्यामुळे तुमचा हा दिवस शुक्रवार नसेल असं बघा. अंगणात सगळ्या खोऱ्याची मोठी प्रतिकृती आहे. तिच्याभोवती दोन फेऱ्या मारा आणि कालच्या रेघा ताडून बघा. पहिल्या वेळी आम्ही हे शेवटी पाहिलं आणि मग हळहळलो.

तिकिटाचं गणित इथेच समजून घ्या. चाळीस रुपयांच्या एका तिकिटात म्युझियम, कमळ महालाचं आवार आणि विठ्ठल मंदिर, पण सगळं त्याच दिवशी. ही तिन्ही ठिकाणं लांब लांब आहेत. चाळीस रुपये वाचवायला लोक भर दुपारी रिक्षा पळवतात आणि विठ्ठल मंदिर वीस मिनिटांत आटोपतात. दुसऱ्या दिवशी नवं तिकीट काढा. बाकीच्या बहुतेक जागांना तिकीटच नाही.

बारा ते साडेतीन खोलीवर. हे ऐकाच. मग कमळ महाल, त्यामागे एका रांगेत अकरा दालनांची हत्तीशाळा. तिथून हजार राम मंदिर. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर महानवमीची मिरवणूक कोरलेली आहे, एकावर एक पट्ट्यांत: हत्ती, घोडे, सैनिक, नाचणाऱ्या बाया. आतल्या भिंतींवर रामायण. मुलांना सांगा, गोष्ट कुठून सुरू होते ते शोधा. अर्धा तास सहज जातो. देवळासमोरच्या रस्त्याचं नाव पानसुपारी बाजार. नुसतं नाव वाचूनच पेठ डोळ्यांपुढे उभी राहते.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. महानवमी दिब्बा म्हणजे उंच दगडी चौथरा, त्याच्याजवळची पायऱ्यांची पुष्करणी. १९८० च्या दशकात उत्खननात सापडली, तोवर मातीखाली होती. काळ्या दगडाचे टप्पे इतके रेखीव आहेत की पाचशे वर्षं जुनी आहे हे पटत नाही. आत उतरायची परवानगी नाही, पण कठड्याजवळ थांबून जवळच्या पायऱ्यांचे दगड बघा. त्यांवर बारीक अक्षरं आणि आकडे कोरलेत. कुठल्या बाजूचा, कितव्या ओळीचा, कितवा दगड, याची ती खूण. दगड दुसरीकडे घडवले, खुणा केल्या आणि इथे आणून जुळवले. आपण कपाट सुटं करून घर बदलताना फळ्यांवर पेनाने आकडे टाकतो ना, तसंच. राजाचं नाव कुठल्याही फलकावर मिळतं. या खुणा पाहताना पाथरवट शेजारी उभा असल्यासारखा वाटला.

सूर्य दिब्ब्यावरून मावळताना पाहा.

७. तिसरा दिवस: विठ्ठलाकडे, पायी

बहुतेक टूरवाले गाडीने विठ्ठल मंदिरापर्यंत नेतात. तुम्ही चाला. सकाळी साडेसहाला विरूपाक्षापासून निघून हंपी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या दगडी नंदीकडे, तिथून नदीकाठाने कोदंडराम मंदिर, मग डावी-उजवी न चुकता अच्युतराय मंदिर आणि त्याचा ओसाड बाजार, मग नदीकाठचे मंडप, राजाची तुला, आणि विठ्ठल मंदिर. अंतर फार नाही, पण थांबत थांबत दोन तास धरा. साडेआठला दार उघडतं तेव्हा तुम्ही तिथे हवेत, कारण दहानंतर रथापुढे फोटोची रांग लागते.

ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी रिक्षाने वाहनतळापर्यंत आणि तिथून मंदिरापर्यंत बॅटरीची गाडी. आई आणि नवरा तसे आले, मी आणि मुलगी पायी. आम्ही रथापाशी भेटलो.

आता ती पन्नासची नोट काढा. मागच्या बाजूला हाच दगडी रथ आहे. मुलांना नोट धरून फरक शोधायला लावा. रथ एका दगडाचा वाटतो, पण तो जुळवलेला आहे, सांधे शोधले तर सापडतात. मुळात हे गरुडाचं देऊळ. पुढे हत्ती आहेत, पण त्यांच्या मागे वाकून पाहिलंत तर मूळच्या घोड्यांच्या शेपट्या आणि मागचे पाय दिसतात.

मंडपातल्या वाजणाऱ्या खांबांना हात लावू नका. कुणी "मी वाजवून दाखवतो" म्हणालं तरी नको म्हणा. टकटक करूनच ते झिजलेत, म्हणून आता मनाई आहे.

आपल्याकडून जाणाऱ्यांना ही जागा वेगळी भासते, त्याचं कारण गाभाऱ्यात आहे. गाभारा रिकामा आहे. कृष्णदेवरायाने पंढरपूरहून विठ्ठलमूर्ती इथे आणली आणि नाथांचे पणजोबा संत भानुदास यांनी ती परत नेली, अशी आपल्याकडची परंपरा. आई घरातून निघतानाच ही कथा नातीला सांगत आली होती. गाभाऱ्यापुढे आल्यावर मात्र काही बोलली नाही. अंधाराकडे बघत हात जोडून उभी राहिली, बराच वेळ. मग चष्मा पुसला आणि म्हणाली, "बरं झालं, घरी गेला." तुमच्याबरोबर वारी करणारं कुणी असेल तर इथे त्यांना घाई करू नका.

८. चौथा दिवस जमला तर: नदीपलीकडे

आनेगुंदी हे हंपीहून जुनं गाव. अंजनाद्री टेकडीला ५७५ पायऱ्या, हनुमानाचं जन्मस्थान म्हणून गर्दी असते. शनिवार टाळा. पहाटेच चढा. माकडं हातातली पिशवी ओढतात, म्हणून खाऊ, शहाळं काही हातात दिसू देऊ नका. पंपा सरोवर शांत आहे, तिथे बसा.

टोपलीसारख्या गोल नावेत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट असेल तरच. नदीला पाणी जास्त असेल तर नावाडी तयार असला तरी तुम्ही नाही म्हणा.

९. रिक्षा, गाइड, बोलणं

रिक्षा दिवसाच्या भाड्याने ठरवताना किती ठिकाणं ते विचारू नका. किती वाजेपर्यंत, हे ठरवा. ठिकाणांवर ठरलं की रिक्षावाला प्रत्येक देवळापाशी दहा मिनिटं देतो. आमचं पहिल्या वेळी हेच झालं. थांबायचं किती ते आपल्या हातात ठेवा.

गाइड एक दिवस घ्या, राजवाड्याच्या भागासाठी. पर्यटन खात्याचं ओळखपत्र बघा, पैसे आधी बोला.

हिंदी चालतं, पण चार कानडी शब्दांनी चेहरे खुलतात. एष्टु म्हणजे किती, नीरु म्हणजे पाणी, एल्ली म्हणजे कुठे, साकु म्हणजे पुरे, बेडा म्हणजे नको. रिक्षावाल्याला 'अण्णा' म्हणा.

जेवायला हंपी बाजारात शाकाहारीच मिळतं, दारू नाही. ज्वारीची भाकरी तिथे जोळद रोट्टी, आणि सोबत येण्णेगाई, म्हणजे आपली भरली वांगी. पोटाला सोसतं.

मातंग टेकडीवरून सूर्योदय फार सुंदर दिसतो. पण पायऱ्या तुटक्या आहेत आणि अंधारात एकट्यादुकट्याने जाऊ नये. चार-पाच जण मिळून, टॉर्च घेऊन, बूट घालूनच. मुलीला आम्ही नेलं नाही.

१०. निघायच्या दिवशी

सकाळ रिकामी ठेवा आणि विरूपाक्ष देवळात पुन्हा जा. मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते. लहानशा झरोक्यातून उजेड आत येतो आणि चित्र उलटं होतं, शाळेतल्या पिनहोल कॅमेऱ्यासारखंच. ऊन स्वच्छ असेल तरच दिसते, म्हणून आदल्या दिवशी नाही दिसली तर या सकाळी बघा. मुलीने भिंतीपाशी उभं राहून तळहात पुढे केला आणि गोपुराचा कळस तिच्या हातावर आला. होसपेटच्या रिक्षात बसेपर्यंत ती तो हात मिटून बसली होती.